वारसाने आलेली नोंदवही

पक्षिनिरीक्षणाचा इतिहास बहुधा याद्यांच्या अंगाने सांगितला जातो. अमक्या जंगलात किती जाती आहेत, एका वर्षात कुणी किती पाहिल्या, कुठला दुर्मीळ पाहुणा वाट चुकून कधी येऊन गेला, असा तो इतिहास असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या अल्गाँक्विन उद्यानाबद्दलही असं लिहिता येईल. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठं हे अरण्य आहे, त्यात अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, आणि उत्तरेकडच्या थंड जंगलांतले पक्षी पाहायला दक्षिणेकडच्या शहरांतून माणसं गेली कित्येक दशकं इथं येत आहेत. पण या उद्यानाच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. इथल्या एका राखाडी, वर्षभर तिथंच राहणाऱ्या, यादीच्या दृष्टीने अगदी किरकोळ पक्ष्यावर १९६०च्या दशकापासून आजतागायत नजर ठेवली गेली आहे. हे साधलं, कारण पक्षी पाहणं आणि लोकांना ते समजावून सांगणं हे इथं काही माणसांचं पगारी काम होतं, आणि एकाने खाली ठेवलेली नोंदवही दुसऱ्याने उचलली. हौशी माणसांनी पक्षिशास्त्राला भरभरून दिलं आहे. तरीही पिढ्या ओलांडणारी नोंद हवी असेल तर तिला एक ठरावीक जागा लागते, एक पद लागतं आणि एक वारस लागतो, असं अल्गाँक्विनच्या इतिहासावरून मला वाटतं.

हे उद्यान पक्ष्यांसाठी झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात या टापूची ओळख होती ती पांढऱ्या पाइनच्या उंच, सरळ खोडांसाठी. लाकूडतोडे हिवाळ्यात खोडं पाडत, वसंतात बर्फ वितळला की ती नद्यांच्या पुरात सोडत, आणि चौकोनी तासलेलं हे लाकूड पुढं ब्रिटनला जाई. मस्कोका, मॅडावास्का, पेटावावा, बॉनशेर या नद्यांचे उगम इथलेच. जंगल सगळं शेतीखाली गेलं तर नद्या आटतील ही भीती सरकारी जमीन खात्यातल्या अलेक्झांडर कर्कवूड यांनी १८८०च्या दशकात मांडली. पुढं आयोग बसला आणि १८९३ मध्ये उद्यानाचा कायदा झाला. त्यात शिकारीला आणि सापळ्यांना बंदी होती, वसाहतींना बंदी होती, लाकूडतोडीला मात्र नव्हती. आजही उद्यानाच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रात नियमबद्ध लाकूडतोड चालते. ज्यांना उद्यान म्हणजे कुऱ्हाड न लागलेलं रान असं वाटतं त्यांना हे खटकेल. पण पुढच्या सगळ्या कथेत हीच तडजोड महत्त्वाची ठरते. लाकडासाठी आलेल्या वाटांनीच पुढं निरीक्षक आत आले.

लाकडाचे मोठे व्यापारी जे. आर. बूथ यांनी उद्यानाच्या दक्षिण भागातून रेल्वे नेली. १८९७च्या सुमारास ती पुरी झाली. तिच्यामागून तळ्याकाठची हॉटेलं आली, उन्हाळी पाहुणे आले. १९३३ मध्ये कॅश तळ्याजवळचा लाकडी पूल धोकादायक ठरला, दुरुस्ती झाली नाही, आणि आरपार जाणारी गाडी बंद पडली. त्यानंतर तीनच वर्षांत महामार्ग ६० तयार झाला आणि मोटारी आल्या. रूळ उखडलेल्या त्या जुन्या रेल्वेमार्गाचा एक तुकडा आज मिझी तळ्याच्या पायवाटेत सामील आहे. उत्तरेकडचे पक्षी पाहायला जाणकार माणूस हमखास तिथं जातो, कारण तिथं स्प्रूसची दलदल दोन्ही बाजूंनी अगदी वाटेला भिडते. काळ्या पाठीचा सुतार आणि स्प्रूसच्या दाटीत दगडासारखा निश्चल बसणारा रानकोंबडा पायवाटेवरून दिसू शकतात, याचं श्रेय लाकडाच्या त्या व्यापाऱ्यालाही जातं.

पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमशी संबंधित अभ्यासकांकडून आली. डंकन मॅक्लुलिक यांनी १९३८ मध्ये उद्यानातल्या पक्ष्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच संग्रहालयाचे प्राध्यापक जे. आर. डायमंड यांनी १९४४ मध्ये इथं पाहुण्यांना निसर्ग समजावून सांगणारा कार्यक्रम सुरू केला. हे पाऊल दिसायला छोटं होतं. उन्हाळ्यात पायी फेऱ्या, संध्याकाळी व्याख्यानं, पुढं १९५३ मध्ये एक लहानसं संग्रहालय, एवढाच त्याचा पसारा. पण त्यातून ‘उद्यान-निसर्गतज्ज्ञ’ नावाचं पद निर्माण झालं. तोवर उद्यानातला सरकारी माणूस म्हणजे रेंजर. त्याचं काम चोरटी शिकार अडवणं, वणवे विझवणं आणि लांडगे मारणं. हो, लांडगे मारणं हेसुद्धा कित्येक दशकं कर्तव्य समजलं जाई. नव्या पदावरच्या माणसाचं काम मात्र पाहणं आणि सांगणं हे होतं. रसेल रटर या निसर्गतज्ज्ञाने १९६० मध्ये ‘द रेव्हन’ हे पाहुण्यांसाठीचं छोटं वार्तापत्र सुरू केलं. १९६३च्या ऑगस्टमध्ये रात्री रस्त्याकडेला उभं राहून लांडग्यांची ओरड ऐकण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि शेकडो लोक आले. लांडगे मारणाऱ्या उद्यानात काही वर्षांतच त्यांना ऐकायला गर्दी जमावी, हा बदल कायद्याने झाला नाही. नजर बदलली होती, आणि ती बदलण्याचं काम कुणालातरी नेमून दिलेलं होतं.

याच रटरनी १९६०च्या दशकात कॅनडा जे या पक्ष्याच्या पायात रंगीत कड्या घालायला सुरुवात केली. हा कावळ्याच्या कुळातला पक्षी, म्हणजे आपल्याकडच्या टकाचोराचा दूरचा भाईबंद. वजन जेमतेम सत्तर ग्रॅम, पिसारा मऊ, राखाडी, फुगलेला, डोक्यामागे काळसर टोपी, चोच आखूड. माणसाची भीती त्याला फारशी नाही. तळहातावर शेंगदाणा ठेवला तर येऊन बसतो. लाकूडतोड्यांच्या तंबूंतून खाणं पळवणारा म्हणून तो पूर्वीपासून बदनाम होता. तो स्थलांतर करत नाही. नर-मादीची जोडी एकाच इलाख्यात आयुष्य काढते. उणे तीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत तो तग धरतो तो साठ्यावर. उन्हाळ्यात आणि शरदात मिळेल ते, म्हणजे किडे, बोरं, अळंबीचे तुकडे, मेलेल्या जनावराच्या मांसाची कणी, तो तोंडात घोळवतो. त्याच्या लाळग्रंथी मोठ्या असतात आणि लाळ चिकट. घोळवलेला घास तो सालीच्या फटीत किंवा झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या झुबक्यामागे चिकटवतो. एका दिवसात असे शेकडो घास, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी. महिन्यांनंतर ते तो शोधूनही काढतो. याहून नवल म्हणजे, तळी अजून गोठलेली असताना, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, मादी अंडी घालते. जंगलात ताजा किडा एकही नसतो तेव्हा पिलांना भरवायला आई-बापांच्या साठ्यातलं खाणं उपयोगी पडतं. एप्रिलमध्ये पिलं घरट्याबाहेर पडतात, म्हणजे दक्षिणेकडून येणारे बरेचसे पाहुणे पक्षी पोचलेलेही नसतात तेव्हा.

एवढी माहिती कुणी चिकाटीने एक-दोन हिवाळे पाहिलं तरी मिळू शकेल. पुढचं मात्र कड्यांच्या आधाराशिवाय आणि वर्षांच्या साखळीशिवाय मिळण्यासारखं नव्हतं. रटर यांनी १९६९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास डॅन स्ट्रिकलँड हा तरुण त्या कामात आला. १९७० पासून उद्यानाचे मुख्य निसर्गतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं आणि निवृत्तीनंतरही त्यांनी हा अभ्यास चालवला. पद्धत फार साधी होती. शरदात महामार्गालगतच्या प्रत्येक इलाख्यात जाऊन कोण हजर आहे ते कड्यांच्या रंगांवरून नोंदवायचं. हिवाळा सरता सरता बर्फातून पुन्हा जायचं, घरट्यासाठी काड्या-पिसं नेणाऱ्या पक्ष्यामागे चालत घरटं शोधायचं, पिलं मोजायची आणि त्यांच्या पायांत नव्या कड्या घालायच्या. पुढच्या वर्षी तेच. यातून १९९१ मध्ये स्ट्रिकलँड यांनी एक कठोर सत्य मांडलं. जूनमध्ये एका घरट्यातली भावंडं आपसांत भांडतात, त्यातलं एक जबरदस्त पिलू बाकीच्यांना आईबापांच्या इलाख्यातून हाकलून देतं, आणि हाकललेल्यांतली बहुतेक शरद येईपर्यंत मरतात. बाहेरून पाहणाऱ्याला जूननंतर फक्त एवढं दिसतं की एका जोडीबरोबर एकच पिलू फिरतं आहे. ते घरट्यातलं एकुलतं होतं, का त्याने भावंडांना घालवून दिलं, हे कळायला त्याचं पाळण्यातलं नाव ठाऊक असावं लागतं. ते नाव म्हणजे पायातली कडी.

मग आकड्यांत घट दिसू लागली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जे इलाखे भरलेले असत, ते एकेक करून रिकामे राहू लागले आणि संख्या निम्म्याहून खाली आली. ओहायो स्टेट विद्यापीठातले टॉमस वेट आणि स्ट्रिकलँड यांनी २००६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचं एक कारण सुचवलं: शरद ऋतू उबदार होत चालला आहे, आणि सालीमागे दडवलेला साठा थंडीच्या शीतपेटीअभावी कुजतो. ज्या वर्षी शरद उबदार गेला, त्यानंतरच्या वसंतात जोड्यांना पिलं कमी झाली, असं त्यांच्या नोंदी सांगत होत्या. पुढं ग्वेल्फ विद्यापीठातले रायन नॉरिस आणि त्यांचे विद्यार्थी या अभ्यासात उतरले. ॲलेक्स सटन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की शरदात गोठणं आणि वितळणं जितक्या वेळा आलटून पालटून होतं, तितकं पुढच्या विणीचं नुकसान होतं. हवामानबदलाबद्दल बोलताना ध्रुवावरच्या अस्वलाचं चित्र सगळे वापरतात. एका पक्ष्याने ऑक्टोबरमध्ये चिकटवलेला घास आणि मार्चमध्ये घरट्यात उपाशी राहिलेलं पिलू यांच्यामधला धागा इतक्या जवळून दाखवणारे अभ्यास जगात थोडे आहेत.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की महामार्गाकडेचे हे पक्षी माणसाळलेले आहेत. पाहुणे त्यांना खाऊ घालतात, अभ्यासकही आमिष दाखवूनच जवळ बोलावतात, तेव्हा हे निष्कर्ष जंगलाचे मानायचे की रस्त्याचे? शंका रास्त आहे. पण अभ्यासकांनी ती टाळली नाही, तिचाच प्रयोग केला. डर्बीशर, स्ट्रिकलँड आणि नॉरिस यांनी २०१५ मध्ये त्रेचाळीस वर्षांच्या नोंदी आणि मुद्दाम जादा खाणं पुरवण्याचा प्रयोग एकत्र मांडला. खाणं पुरेसं असलं की वीण सुधारते, म्हणजे या पक्ष्याची वीण अन्नावर अडते, हे त्यातून स्पष्ट झालं. आयतं खाणं मिळणाऱ्या रस्त्यालगतसुद्धा पक्षी घटत गेले असतील, तर रस्त्याचा प्रभाव घट लपवणारा ठरतो, घडवणारा नव्हे. दुसरा आक्षेप जंगलाच्या बदलत्या रूपाचा. शतकभराच्या तोडीने झाडांचं मिश्रण बदललं, मग दोष हवामानाला का? इथंही इलाख्यांची जुनी नोंद कामी आली. जिथं स्प्रूससारखे सूचिपर्णी वृक्ष जास्त होते ते इलाखे टिकले. पानझडी झाडांचे, मेपलबहुल इलाखे रिकामे झाले. दुसऱ्या एका प्रयोगात वेगवेगळ्या झाडांच्या सालींमागे खाणं लपवून पाहिलं, तेव्हा स्प्रूस-पाइनवर ते अधिक चांगलं टिकलं. म्हणजे दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. झाड चांगलं असेल तर उबदार शरदाचा फटका सौम्य बसतो. हे उत्तर एका ओळीचं नाही, म्हणूनच ते मला विश्वासार्ह वाटतं.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. हा पक्षी न्यू फाउंडलंडपासून अलास्कापर्यंत पसरलेला आहे, जात म्हणून त्याला धोका नाही. मग एका कोपऱ्यातल्या घटीचं एवढं काय? त्याचं उत्तर अल्गाँक्विनच्या जागेतच आहे. इथं दक्षिणेची मेपल-बीचची पानझडी रानं आणि उत्तरेची स्प्रूसची रानं एकमेकांत शिरतात. कॅनडा जेच्या प्रदेशाची ही दक्षिण कड. हवा तापते तेव्हा पहिला परिणाम कडेवर दिसतो, आणि कडेवर मोजणारं कुणी नसेल तर तो कळतच नाही. अशा मोक्याच्या जागी मोजणारा माणूस होता हा योगायोग. तो पन्नासहून अधिक वर्षं तिथं राहिला, यामागे मात्र एक व्यवस्था होती.

पण व्यवस्थेला श्रेय देताना एकट्या माणसाच्या कामगिरीवर अन्याय होतो का? उद्यानाच्या उत्तर सीमेपलीकडे, रदरग्लेनजवळ पिमिसी उपसागराकाठी, लुईस द किरीलिन लॉरेन्स राहत असत. त्या मूळच्या स्वीडिश, पेशाने परिचारिका. कुठल्या विद्यापीठाची पक्षिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९५२च्या मे महिन्यातल्या एका दिवशी पहाटेपासून त्यांनी लाल डोळ्याच्या व्हिरिओ या चिमुकल्या पक्ष्याची गाणी मोजली. दिवसअखेर एका नराच्या नावावर २२,१९७ गाणी जमा झाली. आपल्याकडे सलीम अलींचं उदाहरण आहेच. मुंबईच्या संग्रहालयातलं त्यांचं पद पैशाअभावी रद्द झालं. जर्मनीहून परतल्यावर हाती नोकरी नव्हती, म्हणून १९३०च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणीच्या वसाहतीपुढे बसून राहिले. घरटं नर विणतो, अर्धवट घरटं मादी पसंत करते, आणि ती स्थिरावली की नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथं पाहिलं आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. म्हणजे पद नसतानाही मोठं काम होतं. तरी बारकाईने पाहा: लॉरेन्सबाईंची मोजदाद त्यांच्याबरोबर थांबली, आणि किहीमच्या त्या निरीक्षणाला ‘पुढच्या वर्षी काय झालं’ हा प्रश्न विचारता येत नाही. एक पक्षी कसा वागतो ते असा माणूस सांगू शकतो. तो पन्नास वर्षांत कसा आणि का बदलला, हे सांगायला त्याच्यानंतर दुसरा कुणी तिथंच बसावा लागतो. स्ट्रिकलँड यांनी निवृत्तीनंतर केलेलं काम त्यांच्या स्वतःच्या निष्ठेचं होतं. त्या निष्ठेला सांभाळायला रटर यांची नोंदवही आणि तीस वर्षांची नोकरी मिळाली होती. हौशी पक्षिमित्र नाताळच्या सुमारास जी पक्षिगणना करतात तिच्याबद्दलही मला तेच म्हणायचं आहे. अशी गणना पक्षी कमी झाले एवढं प्रामाणिकपणे सांगते. का झाले, ते सांगायला कोणता पक्षी कोणाचा आणि तो कुठं गेला हे माहीत असावं लागतं.

या कौतुकाला एक मर्यादा घालायलाच हवी. पाहणं उद्यानाबरोबर सुरू झालं नाही. ज्यांचं नाव उद्यानाला दिलं, त्या अल्गाँक्विन लोकांची शिकारीची आणि सापळ्यांची भूमी १८९३च्या कायद्याने त्यांना बंद झाली. हिवाळाभर या पक्ष्याच्या सोबतीने रानात राहिलेल्या माणसांना त्याच्या साठवणीच्या सवयी ठाऊक नसतील हे संभवत नाही. पण उद्यानाच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्यांचा जमिनीचा दावा आजही वाटाघाटींत आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः करारावर सह्या झाल्या. सलग नोंदीचं मोल मी मानतो, आणि म्हणूनच सर्वांत लांब साखळी तुटली ती याच उद्यानाच्या स्थापनेने, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वारसांत ही माणसं असतील तर नोंदवही अधिक खरी होईल.

टोरोंटो परिसरात आता पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत, आणि सप्टेंबरअखेरीस मेपलचे लाल रंग पाहायला तीनेक तासांचा प्रवास करून ती अल्गाँक्विनला जातात. त्यांना एकच विनंती. महामार्गावरच्या अभ्यागत केंद्राजवळ स्प्रूसच्या दलदलीवर लाकडी फळ्यांची छोटी वाट आहे; तासाभरात फिरून होते. तिथं एखादा राखाडी पक्षी जवळ येऊन बसला तर फोटोआधी त्याच्या पायांकडे पाहा. कड्या असतील तर डाव्या पायातले रंग, उजव्या पायातले रंग, वरून खाली असा क्रम, जागा आणि तारीख लिहून घ्या आणि केंद्रातल्या निसर्गतज्ज्ञाकडे द्या.